पाच पडव्यांचा अर्थ

ती दोन हजार डुकरं नेमकी कुणाच्या मालकीची होती, हा प्रश्न मला पोखर्णीच्या रस्त्यावरच्या एका चहाच्या टपरीवर विचारला गेला. विचारणारा टपरीवालाच होता. मी तेव्हा नवा पाळक होतो, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा होता, आणि येशूनं एका पिसाटलेल्या माणसातली भुतं काढून डुकरांच्या कळपात कशी घातली, मग तो अख्खा कळप कड्यावरून पाण्यात कसा गेला, ही गोष्ट मी त्याला मोठ्या हौसेनं सांगितली होती. त्यानं गाळणं झटकलं आणि म्हणाला, "माणूस बरा झाला, लय चांगलं झालं. पण डुकरंवाल्याचं काय झालं साहेब?"

मी त्याला समजावलं की इथं डुकरं म्हणजे खरी डुकरं धरायची नाहीत, ती माणसाच्या मनातल्या घाणीचं प्रतीक आहेत. तो शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "साहेबाच्या घरी जनावरं नसतील."

नव्हतीच. त्याचं बरोबर होतं. पण हे कळायला मला पंचवीसेक वर्षं लागली, म्हणून हा लेख.

आमचं काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पाळक म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा सांभाळ करणारा. लग्न लावायचं, मेलेल्याला मूठमाती द्यायची, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, देवळाचा पत्रा गळायला लागला की शिडी धरायची. माझी मंडळी परभणीच्या बाहेर, पेडगावच्या रस्त्याला आहे. पत्र्याचं देऊळ, आठ बाकं, एक पेटी आणि तिची कायमची दबलेली एक पट्टी. दर रविवारी मी व्यासपीठावर उभा राहून शुभवर्तमानातला एक उतारा उलगडतो. शुभवर्तमानं म्हणजे येशूच्या चरित्राची चार पुस्तकं. त्यातल्या काही गोष्टी सरळ असतात. हरवलेलं मेंढरू सापडलं, कुणालाही कळतं. पण काहींमध्ये काटा असतो. अंजिरांचा हंगाम नसताना येशू झाडाकडे फळ मागायला जातो, मिळत नाही, झाड वाळून जातं. एका आंधळ्याला तो दोनदा हात लावतो, कारण पहिल्यांदा त्याला माणसं चालत्या झाडांसारखी दिसतात. असं का, म्हणून मंडळी अडते. तो काटा काढून देणं हे पाळकाचं काम.

माझं हत्यार एकच होतं, प्रतीक. माझ्याकडे एक लांब वही होती, किराणा दुकानात असते तशी. तीत मी कोष्टक केलं होतं. तेल म्हणजे आत्मा, अंजीर म्हणजे इस्राएल, चाळीस म्हणजे परीक्षा, मीठ म्हणजे साक्ष. सात या आकड्याला तर दोन पानं दिली होती. कोणतीही गोष्ट आली की मी तिचे सांधे सोडवायचो, एकेक तुकडा कोष्टकात बघायचो आणि परत जोडायचो. जोडून झाल्यावर गोष्टीत एकही माणूस शिल्लक राहायचा नाही, पण अर्थ मात्र झकास निघायचा.

महिन्यातून एकदा मी मोटारसायकलवरून येलदरीला जायचो. तिथं धरणावर मासेमारी करणाऱ्या दोन-तीन घरांत उपासना व्हायची. एकदा जाळ्यात सापडलेल्या एकशे त्रेपन्न माशांची गोष्ट होती. मी तीन पानं लिहून नेली होती. हा आकडा म्हणजे पृथ्वीवरची सगळी राष्ट्रं कशी, ते मी बेरजा-गुणाकारासकट सांगितलं. शेवटी एक म्हातारा मासेमार, नारायणमामा, डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, जाळं वर आलं की मासे मोजतेतच. वाटे करायचे असतेत."

घरी येऊन मी हे सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं. ती लसूण सोलत होती. हसता हसता तिच्या मांडीवरचं ताट उलटलं. ती म्हणाली, "अहो, इतके मासे बघून माणसाला पहिलं काय वाटेल, ते नाही सुचलं तुम्हाला?" मी ते वाक्यही वहीत लिहून ठेवलं, पण कोणत्या रकान्यात घालावं ते न कळल्यामुळे समासात.

डब्याची कल्पना मात्र माझी. बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा, झाकणाला फट पाडलेली, देवळाच्या दाराशी स्टुलावर ठेवलेला. शुभवर्तमानातली जी गोष्ट कळत नाही ती चिठ्ठीवर लिहून टाकायची, नाव घालायचं नाही. रविवारी उपासना सुटली की डबा उघडायचा, आठवडाभर तयारी करायची आणि पुढच्या रविवारी उत्तर द्यायचं. नियम असा, की आलेली प्रत्येक चिठ्ठी मोठ्यानं वाचली जाईल. सोमवारी सकाळी सुनंदा कणकेची खळ करायची. मी एकेक चिठ्ठी वहीत चिकटवून शेजारी माझं उत्तर उतरवायचो. अशा सहा वह्या झाल्या. दुसऱ्या मंडळ्यांचे पाळक त्या बघायला मागायचे आणि मी आढेवेढे घेऊन द्यायचो.

खळ वाळेपर्यंत सुनंदा चिठ्ठ्या वाचत बसायची. कागद कुठला आहे बघायची, उलटून बघायची, कधी नाकाला लावायची. मग मंगळवारी दुपारी पिशवी घेऊन बाहेर पडायची. कुठं चाललीस विचारलं तर म्हणायची, जाऊन येते जरा. मला वाटायचं भाजीला जाते. भाजी यायचीही.

तीन वर्षांपूर्वी सुनंदा गेली. कावीळ झाली आणि दोन महिन्यांत गेली. मुलगी पुण्याला असते, रविवारी संध्याकाळी फोन करते, "पप्पा, जेवलात का" विचारते, आणि मी काय जेवलो ते जरा वाढवून सांगतो. घरात गोष्टी सांगणारा म्हणून माझा लौकिक आहे, तो असा कामाला येतो. प्रवचनाची तालीम मी पूर्वी तिच्यासमोर करायचो. नंतर ती ज्यावर बसायची त्या स्वयंपाकघरातल्या रिकाम्या स्टुलासमोर करून बघितली. स्टूल कशालाच हसत नाही, त्यामुळे प्रवचनं लांबत गेली. मंडळी कमी होत गेली. पोरं पुण्या-संभाजीनगरला, म्हातारे एकेक करून मातीत. बाकं आठच राहिली, माणसं पंधराच्या आत आली. डबा मात्र मी उचलला नाही. खळ मीच करायला लागलो, तिच्यात गुठळ्या व्हायच्या.

अशात ती पहिली चिठ्ठी आली. कॅलेंडरच्या पानावर, बोटभर उंचीची अक्षरं, ओळ खाली खाली घसरत गेलेली. लिहिलं होतं: तळ्याकाठच्या माणसाला अडतीस वर्षांत कुणीच कसं नव्हतं?

गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानातली. यरुशलेमात एक तळं होतं, त्याला पाच पडव्या होत्या. पडव्यांमध्ये आजारी माणसं पडून असायची. मधूनच ते पाणी हालायचं, आणि हालल्याबरोबर जो पहिला आत उतरेल तो बरा व्हायचा, अशी समजूत होती. तिथं एक जण अडतीस वर्षं पडून होता. येशू त्याला विचारतो, तुला बरं व्हायचंय का. आता याला सरळ उत्तर हो. पण तो माणूस हो म्हणतच नाही. तो म्हणतो, मला पाण्यात सोडणारं कुणी नाही, मी सरकत जाईपर्यंत दुसराच कुणी उतरतो.

मला ती चिठ्ठी रविवारच्या शाळेतल्या एखाद्या लेकराची वाटली. तरी मी जीव ओतला. पाच पडव्या म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ. अडतीस म्हणजे इस्राएल रानात भटकला ती वर्षं. पाणी म्हणजे नियमशास्त्र, जे दाखवतं पण पोचवत नाही. चाळीस मिनिटं बोललो. तिसऱ्या बाकावर, खिडकीशी, एस्तरमावशी मान हलवत ऐकत होत्या.

एस्तरमावशींची ओळख करून द्यायची राहिली. त्या मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला होत्या. हजारो पोळ्या लाटल्या असतील. नवरा तरुणपणीच गेला, मूल नाही, एक भाऊ आहे तो नांदेडला, येत नाही. पेडगावच्या रस्त्यालाच एका खोलीत राहतात. मला त्यांचं फार कौतुक, कारण त्या गीतपुस्तक न उघडता सगळी गीतं गायच्या. एका रविवारी मी व्यासपीठावरून हे जाहीर सांगितलं. म्हणालो, बघा, पुस्तक मिटलेलं आणि हृदय उघडं. मावशी ओशाळून हसल्या. त्या बाकापर्यंत जाताना प्रत्येक बाकाच्या कडेला हात लावत जायच्या, त्याचंही मला कौतुक होतं. मला वाटायचं, जागेबद्दलची भक्ती.

तीन-चार महिन्यांनी तसल्याच अक्षरात दुसरी चिठ्ठी आली. मला कुणी नाही असं तो म्हणला ते खरं का? का त्यानं कुणाला इचारलंच नव्हतं?

या वेळी मी आणखी खोल गेलो. माणसाच्या इच्छेचं दौर्बल्य, त्याची सबब सांगण्याची वृत्ती, सगळं काढलं. तो माणूस म्हणजे आपण सगळे, असं म्हणालो. मी स्वतःला त्यात धरलं होतं, पण बोलण्यापुरतंच.

आणि आगोटीला, पावसाच्या तोंडावर, तिसरी. पाणी परत हालणार हाय. त्यानं आता काय करावं?

सांगायला लाज वाटते, पण या चिठ्ठीनं मी खूश झालो. गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीची आणि चिठ्ठीत भविष्यकाळ. हे लेकरू तर आपल्या पुढं गेलं, असं वाटलं. हा येशूच्या दुसऱ्या आगमनाचा, जगाच्या शेवटी तो परत येईल त्याचा, प्रश्न आहे, असं मी ठरवलं. आठवडाभर चिठ्ठी माझ्या बायबलात खूण म्हणून होती. रविवारी पन्नास मिनिटं बोललो. आभाळ, ढग, तुतारी, काही ठेवलं नाही. मावशींनी त्या दिवशी मान हलवली नाही. उपासना सुटल्यावर बाकांना हात लावत त्या बाहेर पडल्या.

सोमवारी सकाळी खळ केली. वही उघडली, चिठ्ठी पालथी घातली आणि तिच्या पाठीला खळ लावायला बोट बुडवलं. पाठ कोरी नव्हती. छापील कागद होता, डोळ्यांच्या शिबिराचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, शस्त्रक्रियेसाठी सकाळी हजर राहावे, हा कागद सोबत आणावा, आणि तारीख येत्या गुरुवारची. खाली ठळक अक्षरात, सोबत जबाबदार नातेवाईक नसल्यास दाखल करून घेतले जाणार नाही. वर पेनानं नाव घातलेलं: एस्तर.

बोटावरची खळ वाळून कडक झाली तरी मी तसाच बसलो होतो.

मग मी वही मागं उलटत गेलो. दुसरी चिठ्ठी सापडली. ओलं फडकं ठेवून ती भिजवली. कणकेच्या खळीचा हा एक गुण, भिजली की सोडते. तिच्या पाठीवरही तसलाच कागद, आधीच्या शिबिराचा, तारीख उलटलेली. त्यावर लाल शाईत कुणीतरी लिहिलं होतं, सोबत कोणी नाही, परत पाठवले. मी स्वतः तो मजकूर वहीला चिकटवून टाकला होता आणि शेजारी इच्छेच्या दौर्बल्याबद्दल दीड पान लिहिलं होतं.

त्या सकाळी मी सहाही वह्या काढल्या. सुनंदा असतानाच्या चिठ्ठ्या चाळल्या. आणि त्यांच्या कोपऱ्यात मला पहिल्यांदाच बारीक पेन्सिलीच्या खुणा दिसल्या, एखादं आडनाव, एखाद्या गल्लीचं नाव, एके ठिकाणी नुसतंच "पोरगी", आणि पुढं बरोबरची खूण. मी अर्थ सांगायचो आणि ती घर शोधायची. मंगळवारची पिशवी भाजीची नव्हती. माझा डबा इतकी वर्षं चालला तो कुणामुळे, हे मला खळीच्या वाटीपाशी कळलं, आणि सांगायला घरात कुणी नव्हतं.

मावशींच्या खोलीवर गेलो तेव्हा त्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या, निव्वळ बोटांनी. मी आवाज दिल्यावर मान माझ्या दिशेनं वळली, पण जरा बाजूला.

मी विचारलं, "मावशी, सरळ का नाही सांगितलंत मला?"

"तुमी एवढा अर्थ सांगायलाव," त्या म्हणाल्या, "मधी कसं बोलावं? पाळकीणबाई होत्या तवा त्या आपसूक यायच्या. म्हणलं आता बी कुणी यील चिठ्ठी बघून."

"आणि शिबिराचा कागदच टाकून दिलात डब्यात? त्याच्याशिवाय आत घेत नाहीत."

"कागदानं काय व्हतंय? माणूस लागतो म्हणले." मग तांदळातला एक खडा बोटानं बाजूला केला. "मी किती पोरींचं केलं साहेब. एकीचं बी नाव ध्यानात न्हाई, नाहीतर बोलावलं असतं."

गुरुवारी मी त्यांना मोटारसायकलवर मागं बसवून शिबिराला नेलं. त्यांनी माझा सदरा दोन्ही मुठींत धरला होता. दाराशीच मोठी रांग. प्रत्येक म्हातारीबरोबर एक सून, प्रत्येक म्हाताऱ्याबरोबर एक जावई. सगळ्यांच्या हातात पाण्याच्या बाटल्या आणि डबे. मी हात हलवत गेलो होतो. अशा ठिकाणी काय न्यावं लागतं तेही मला माहीत नव्हतं. टेबलामागच्या माणसानं कागद घेतला, त्यावरची मावशींची मोठी अक्षरं बघून भुवया उंचावल्या आणि विचारलं, "तुमी कोण यांचे?"

मी म्हणालो, "पाळक."

"नातं इचारायलोय साहेब."

माझी आयुष्यभराची पुंजी शब्दांचीच, आणि त्या रकान्यासाठी माझ्याकडे एकही नव्हता. मेंढपाळ, सेवक, बंधू, सगळे तोंडापर्यंत येऊन परत गेले. मागून मावशींनी माझ्या सदऱ्याला हिसका दिला. "काय बी लिवा, पण लवकर लिवा. मागचे पुढं चाललेत."

मी "भाचा" लिहिलं. पाळकानं लिहिलेलं खोटं, पण तेवढं एक मी अजून माफीसाठी मांडलेलं नाही.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं की उजवा डोळा होईल. डाव्यातला मोतीबिंदू फार पिकला, आत दाब वाढून नस गेली, तो आता येणार नाही. पाच-सहा महिने आधी आणलं असतं तर, म्हणाली, आणि पुढच्या पेशंटकडे वळली. मी हिशेब केला. दुसऱ्या चिठ्ठीला जेमतेम सहा महिने झाले होते. माझ्या कोष्टकात सहा म्हणजे माणसाचा अपुरेपणा. वहीतली ही एकच नोंद मी नंतर खोडली नाही.

मावशींना मी डाव्या डोळ्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "एक हाय की." दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्याची पट्टी सुटली तेव्हा मी समोर उभा होतो. माणसं चालत्या झाडांसारखी दिसतात का, असं विचारायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, पण मी ते गिळलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाल्या, "लय वाळलाव की वो साहेब तुमी."

त्यानंतर मी वही बंद केली. डबा ठेवला. आता चिठ्ठी आली की आधी उलटून बघतो, मग कुणाची असेल याचा अंदाज करतो, आणि मंगळवारी पिशवी घेऊन निघतो. अंदाज चुकतात. एका घरी मी सासू-सुनेचं भांडण मिटवायला गेलो तर त्यांचं भांडणच नव्हतं, मी गेल्यावर सुरू झालं. सुनंदाला हे कसं जमायचं, ते मी तिला विचारलं नाही. प्रवचनं लहान झालीत. मंडळीला ती आवडायला लागली असावीत, कारण पेटीवाला आता झोपत नाही.

मध्यंतरी एका रविवारी डबा उघडला तर आत एकच चिठ्ठी. बारीक, सरळ ओळीतलं अक्षर, एकेक वेलांटी जागच्या जागी. मला लिहिणाऱ्याची ओळख पटेना. सवयीनं उलटून बघितली. पाठ कोरी. पुढच्या बाजूला एवढंच: साहेब, तुमाला कोण हाय?

आठवडाभर तयारी केली. उत्तरं होती. प्रभू आहे, मंडळी आहे, पुण्याला लेक आहे. एकही खोटं नव्हतं. संध्याकाळी ती मोठ्यानं म्हणून बघायचो, आणि स्टूल तसंच ऐकून घ्यायचं. चिठ्ठी दडपून टाकावी असंही मनात आलं, पण नियम माझाच होता.

रविवारी चिठ्ठी वाचली. अकरा माणसं होती. पत्र्यावर कावळे चालत होते, त्यांचा आवाज तेवढा येत होता. मी व्यासपीठ दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणालो, "या चिठ्ठीत प्रतीक नाही. उत्तरही मला येत नाही. गीत म्हणू या." तिसऱ्या बाकावर मावशींनी गीतपुस्तक उघडलं, नाकापाशी धरलं आणि पान शोधायला लागल्या.

उपासना सुटल्यावर त्या दाराशी डब्याच्या स्टुलाजवळ थांबल्या होत्या. म्हणाल्या, "चला. अंबाडीची भाजी केलीय."

खोलीत त्यांनी दोन ताटल्या मांडल्या, एकमेकींच्या समोर, एका डोळ्यानं अंतर मोजत. ज्वारीची भाकरी, भाजीवर लसणाची फोडणी. अंबाडी म्हणजे काय बरं, असं माझं डोकं सवयीनं चालायला लागलं होतं. मावशी म्हणाल्या, "जेवताना इचार करू नका, गार व्हतंय."

मी पहिला घास घेतला. भाजी आंबट झाली होती. मी दुसऱ्यांदा मागून घेतली.